पोलर बेअर, फ्लेमिंगो आणि मागची पाण्याची टाकी

आमच्या महापेच्या ऑफिसात एसी कायम १८ वर असतो. बाहेर मे महिना पेटलेला आणि आत आम्ही सगळे स्वेटर घालून एक्सेल शीट भरतोय, हे दृश्य तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीचं असेल. त्यामुळे माझ्या स्क्रीनवर गेली कित्येक वर्षं एक पोलर बेअर आहे, याचं कुणालाच नवल वाटत नाही. पगारवाढ आली-गेली, तीन बॉस बदलले, पीसीचा लॅपटॉप झाला. अस्वल आहे तिथेच आहे. पांढऱ्या बर्फावर पांढरं अस्वल, काळं नाक, काळे डोळे. बस्स.

हे अस्वल बघूनच मला फोटोग्राफीचा किडा चावला. २०१२ मध्ये सेकंड हँड डीएसएलआर घेतला, त्याहून जास्त पैसे देऊन ३०० एमएमची लेन्स घेतली आणि आर्क्टिकला जायचं ठरवलं. मग तिकिटांचे आकडे बघितले आणि नेरूळच्या खाडीवर गेले! घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. तिथे पोलर बेअर नाहीत, पण दर वर्षी साधारण नोव्हेंबर ते मे फ्लेमिंगो असतात. मराठीत त्यांना रोहित म्हणतात. अग्निपंख असंही सुंदर नाव आहे. आमच्याकडे मात्र वॉचमनपासून नगरसेवकापर्यंत सगळे फ्लेमिंगोच म्हणतात.

पहिल्या सकाळचे फोटो घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघितले. चिखलात कुणीतरी पांढऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या टाकल्यासारखं दिसत होतं. गुलाबी रंग गायब, पिसं गायब, नुसते पांढरे ठिपके.

त्याचं कारण कळायला मला दोन महिने लागले. तुम्हाला दोन मिनिटांत सांगते. कॅमेऱ्याचा मीटर फार सरळमार्गी प्राणी आहे. समोरचं सगळं जग सरासरी मध्यम राखाडी असतं, असं तो धरून चालतो. बर्फावरचं अस्वल दाखवलं तर त्याला वाटतं, अरे बापरे, किती उजेड! तो फोटो काळवंडून टाकतो. मग बर्फ म्हणजे वॉशिंग पावडरच्या जाहिरातीतला 'आधी'चा शर्ट दिसतो. म्हणून बर्फात फोटो काढणारे एक्स्पोजर मुद्दाम प्लस एक, दीड, कधी दोनपर्यंत नेतात. आपल्याकडे ओहोटीला उलटा कारभार. चिखल काळा, त्यामुळे मीटरला वाटतं अंधार आहे. तो फोटो उजळवतो आणि बिचारा मोठा रोहित, जो मुळात बराचसा पांढराच असतो, पार जळून जातो. तेव्हा इथे मायनस. पण ऊन वर आलं आणि पाणी चमकायला लागलं की परत प्लस. थोडक्यात, मशीनवर विश्वास ठेवायचा, पण अप्रेझल आपण करायचं.

दुसरा धडा अस्वलाच्या नाकाचा. पोलर बेअरची फर खरं तर पांढरी नसतेच. केस पारदर्शक असतात, कातडी काळी असते आणि सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ते अस्वल चक्क सायीच्या रंगाचं दिसतं. पण बर्फ असो की धुकं, तीन काळे ठिपके पक्के असतात. दोन डोळे, एक नाक. चांगला फोटोग्राफर फ्रेम त्या तीन ठिपक्यांभोवती बांधतो, शरीर आपोआप जागेवर येतं. फ्लेमिंगोचा असा ठिपका म्हणजे डोळा आणि ती वाकडी चोच. पण ते पाच हजार एकत्र उभे असतात ना! सगळ्यांच्या माना पाण्यात, सगळ्यांच्या पायांचा गुंता. लोकल सुटताना दारात दिसतं तसं काहीतरी. मग वाट बघायची. एखादा मान वर करतो, दोन पावलं बाजूला होतो, त्याच्या तोंडासमोर थोडी मोकळी जागा तयार होते. क्लिक.

आणि खाली वाकायचं. अस्वलाचे फोटो जहाजाच्या डेकवरून, वरून खाली काढले तर अस्वल गालिच्यावरच्या मांजरासारखं दिसतं, पाण्याच्या पातळीवरून काढले की त्याचा खरा आकार कळतो. फ्लेमिंगोलाही हेच लागू. त्यासाठी मी बांधावर पोटावर झोपून फोटो काढते. सकाळी सव्वासहाला, मुंग्यांसकट. मॉर्निंग वॉकला आलेल्या एका आजोबांनी काळजीने विचारलं होतं, "मॅडम, बरं वाटत नाहीये का?"

पण सगळ्यात मोठा गुरू कॅमेऱ्याच्या दुकानात मिळत नाही. तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेला असतो. कालनिर्णय! ओहोटीला फ्लेमिंगो खाडीच्या चिखलावर लांबवर पांगतात. भरतीचं पाणी चढलं की तिथून उठून अलीकडच्या तळ्यांत, पाणथळ जागांत येतात. टीएस चाणक्यच्या मागे, सीवूड्सच्या डीपीएस तळ्यावर, एनआरआय कॉम्प्लेक्सच्या बाजूला. म्हणजे भरतीची वेळ कळली पाहिजे. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, साधारण पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खाडीत आत थोडा उशीर धरायचा.

आता यातली गंमत बघा. अष्टमीला भरती नेमकी सकाळी सहाच्या सुमारास, उजेड लोण्यासारखा, पण ती भांगाची भरती. पाणी फारसं चढत नाही, पक्षी आत येतीलच याचा भरवसा नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी दणकून चढतं, पक्षी नक्की येतात, पण भर दुपारी बाराला! डोक्यावर ऊन, फोटोत सगळं चपटं. म्हणून मी मधला रस्ता काढला, दशमी-एकादशी. सकाळी आठच्या आसपास भरती आणि पाणीही बऱ्यापैकी. महिन्यातून दोनदा मी एकादशी शोधत कालनिर्णय चाळते हे बघून आईला वाटलं, पोरगी मार्गाला लागली. तिने साबुदाणा भिजवायलाही सुरुवात केली. मी काही बोलले नाही. फोटोही मिळतात, खिचडीही मिळते.

असो. तर अशी बारा वर्षं गेली आणि मी चांगली तयार झाले. कशात तयार झाले हे सांगायलाच हवं. नवी मुंबई लपवण्यात.

तुम्ही कधी पाम बीच रोडवरून खाडीकडे बघितलंय? फ्लेमिंगोंच्या मागे काय काय असतं! वीस-पंचवीस मजली टॉवर, दिव्यांचे खांब, हायटेन्शनचे मनोरे, क्रेन, होर्डिंग, एखादी गच्चीवरची निळी ताडपत्री. माझी सगळी हुशारी हे फ्रेमच्या बाहेर ठेवण्यात जायची. दोन पावलं डावीकडे सरकलं की टॉवर तिवरांच्या मागे जातो. ॲपर्चर पूर्ण उघडलं की खांब विरघळतात. विमान जात असेल तर ते जाईपर्यंत थांबायचं. उरलंसुरलं क्रॉप. शेवटी काय राहायचं, तर गुलाबी पक्षी, निळसर पाणी, मागे स्वप्नाळू धूसर हिरवा रंग. ऑफिसात फोटो दाखवला की पहिला प्रश्न, "केनियाला कधी गेलीस?" मी नुसती हसायचे. आतून मात्र कॉलर ताठ!

फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या ग्रुपवर एक फोटो फिरत आला. तुम्हीही बघितला असेल. छोट्याशा हिमनगावर अंग मुडपून झोपलेलं पोलर बेअर. निमा सारीखानी या ब्रिटिश हौशी फोटोग्राफरचा, 'आइस बेड' नावाचा. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत लोकांच्या पसंतीचा पुरस्कार त्याला मिळाला, ७५ हजार लोकांच्या मतांवर. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांजवळ तीन दिवस दाट धुक्यात शोधाशोध, मग जहाजाने दिशा बदलली, तेव्हा हा तरुण नर दिसला. मध्यरात्रीच्या जरा आधी तो हिमनगावर चढला, पंजाने उकरून स्वतःपुरता बिछाना केला आणि झोपी गेला. हौशी माणसाचा फोटो! म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्याचा. मी खूश व्हायला हवं होतं. मी ग्रुपवर काय लिहिलं? 'छान आहे, पण मी असते तर अजून टाइट घेतला असता.'

दोन महिन्यांनी, एप्रिलमध्ये, सीवूड्समध्ये फ्लेमिंगो मेल्याच्या बातम्या यायला लागल्या. तळ्यात खाडीचं पाणी नीट येत नाही, अशी ओरड होती. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवरून येणाऱ्या विमानाला फ्लेमिंगोंचा थवा धडकला आणि जवळपास ४० पक्षी खाली पडले. विमान सुखरूप उतरलं. मी गेली बारा वर्षं विमान फ्रेममधून जायची वाट बघत होते, हे त्या सकाळी पेपर वाचताना आठवलं आणि चहा तसाच राहिला.

त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीतले काका आले. रिटायर्ड माणूस, रोज सकाळी छत्री घेऊन फिरणारे, पावसाळा असो-नसो. आमच्या भागातल्या एका छोट्या तळ्याबद्दल (नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढच्या गोष्टीत चूक फक्त माझी आहे) त्यांनी आणि इतर चार-पाच जणांनी एक निवेदन तयार करायला घेतलं होतं. या तळ्यावर फ्लेमिंगो दर वर्षी येतात, याचा पुरावा त्यांना जोडायचा होता.

"अगं, तुझ्याकडे तर ढीग फोटो असतील," काका म्हणाले. "वर्षाला एक मिळाला तरी काम झालं."

"काका, एक काय, शंभर देते!"

त्या रात्री हार्ड डिस्क लावून बसले. अकरा हजारांच्या वर फोटो. निवडून निवडून तीस काढले, रविवारी काकांच्या घरी लॅपटॉप नेला. काकूंनी पोहे दिले. काका चष्मा लावून एकेक फोटो बघायला लागले. वा, वा करत होते. दहाव्या फोटोनंतर वा थांबलं. विसाव्यानंतर त्यांनी चष्मा काढला.

"फोटो अप्रतिम आहेत गं. पण हे आपलंच तळं आहे, हे कशावरून?"

मी तारीख दाखवली. तारीख प्रत्येक फोटोत होती. जागा एकाही नाही. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात जीपीएस नव्हतं आणि फ्रेममध्ये तर मी काहीच ठेवलं नव्हतं. टॉवर नाही, बांध नाही, खांब नाही. ते तळं केनियात असू शकत होतं, कच्छमध्ये असू शकत होतं. लोकांनी तसं म्हणावं म्हणून तर मी बारा वर्षं मेहनत घेतली होती!

"बघू या," काका म्हणाले. मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी आणखी पोहे वाढायला सांगितले.

सोमवारी ऑफिसात गेले, लॅपटॉप उघडला, तर समोर अस्वल. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा अस्वल सोडून उरलेला फोटो बघितला. तडकलेला बर्फ. दोन तुकड्यांमधलं काळं पाणी. लांब क्षितिजावर एक बारीक निळी रेघ. मग 'आइस बेड' पुन्हा काढला. त्यात अस्वलापेक्षा बर्फाला आणि समुद्राला जागा जास्त आहे. हिमनग लाटांनी खालून कोरलेला आहे, म्हणजे तो फार दिवस टिकणारा नाही, हे आपल्याला कुणी न सांगता कळतं. मी म्हटलं तसा टाइट घेतला असता तर? एक झोपलेलं अस्वल. कुठल्याही झूमध्ये मिळेल.

गंमत म्हणजे स्वालबार्डला आता कुणाला टाइट घ्यायचा म्हटला तरी अवघड आहे. १ जानेवारी २०२५ पासून तिथे अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहायचं असा नियम आहे आणि १ मार्च ते ३० जून ५०० मीटर. एवढ्या लांबून अस्वल लहानच दिसणार. तेव्हा बर्फाचं काय करायचं, कुठली भेग कुठून कुठे न्यायची, हे शिकल्याशिवाय गत्यंतर नाही.

मग मी रिजेक्टचा फोल्डर उघडला. सुदैवाने आळसामुळे तो कधी डिलीट केला नव्हता. पाय घसरला म्हणून वाकडे आलेले, फोकस चुकलेले, क्रॉप करायचे राहून गेलेले. त्यात नऊ फोटो असे सापडले की पक्ष्यांच्या मागे आमच्या शेजारच्या सोसायटीची पाण्याची टाकी दिसत होती. तिच्यावर रंगवलेला विंगचा नंबर दोन फोटोंत तर वाचतासुद्धा येत होता. फोटो म्हणून अगदी टुकार. काकांना दाखवले तर ते खुर्चीतून उठले! "ही आपली टाकी! आणि हा पंप हाऊस!" नऊ फोटोंत सहा वेगवेगळी वर्षं होती.

एक भांडण मात्र झालं. दोन फोटो शेजारी-शेजारी लावून, एकात गच्च पक्षी आणि दुसऱ्यात रिकामं तळं, काकांना खाली लिहायचं होतं, 'पक्षी नाहीसे होत आहेत.' मी अडून बसले. एक भरतीचा होता, दुसरा ओहोटीचा. एकाच दिवशी सकाळी आणि दुपारी काढले तरी तसेच दिसतील. मी त्यांना २०१७ मधला तो व्हिडिओ दाखवला, कॅनडातलं हाडांचा सापळा झालेलं पोलर बेअर. पॉल निकलन आणि क्रिस्टिना मिटरमायर यांनी आणलेला. जगभर गाजला. नॅशनल जिओग्राफिकने त्यावर थेट हवामान बदलाचं लेबल लावलं आणि २०१८ मध्ये त्यांनाच कबूल करावं लागलं, की हे एक अस्वल नेमकं कशामुळे उपाशी होतं ते खात्रीने सांगता येत नाही. ज्यांना विश्वास ठेवायचा नव्हता त्यांच्या हातात कोलीतच मिळालं. काका जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरं, तू सांगशील ते लिहू." आम्ही प्रत्येक फोटोखाली तारीख, वेळ, तिथी आणि भरती की ओहोटी, एवढंच लिहिलं. निवेदन गेलं. पोच मिळाली. पुढे अजून काही कळलेलं नाही. २०२५ मध्ये डीपीएस तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करायला राज्य वन्यजीव मंडळाने मंजुरी दिली, ते कात्रण काकांनी लिफ्टमध्ये चिकटवलंय. आमचं तळं वेगळं, पण काका म्हणतात, चिकटवायला काय जातं?

तेव्हापासून मी नवी मुंबई लपवणं सोडलंय आणि खरं सांगते, हे जास्त कठीण आहे. टॉवर फ्रेममध्ये आला की तो बॉससारखा सगळं लक्ष स्वतःकडे ओढतो. ॲपर्चर एफ ११ वर न्यावं लागतं, मग शटर मंदावतो, मग पक्षी हलतात. लांब लेन्स ठेवून छोटी लावते, कधीकधी सरळ फोन वापरते, लोकेशन ऑन करून. (तुम्ही कॅमेरा नसला तरी एवढं करूच शकता.) पक्ष्यांची ओळ खालच्या एक तृतीयांशात, इमारतींची वरच्या, मधे पाण्याची पट्टी मोकळी. थोड्या सरावाने काही गोष्टी दिसायला लागल्या. फ्लेमिंगोचे काडीसारखे पाय आणि मागचे हायटेन्शनचे मनोरे, सगळ्या उभ्या रेघा. सकाळी आठला टॉवरच्या काचांवर ऊन पडतं आणि खाली पाण्यात ते तुकड्यातुकड्यांनी येतं, नेमकं पक्ष्यांच्या पायाशी. यात सुंदर काही असेल असं मला बारा वर्षांत सुचलं नव्हतं. अजूनही दहातले आठ फोटो बिल्डरच्या ब्रोशरसारखे येतात.

ऑफिसात आता कुणी केनिया म्हणत नाही. "अरे, हे तर सीवूड्स!" म्हणतात. परवा आमच्या टीममधला एक मुलगा, त्याच टॉवरमध्ये राहणारा, फोटो बराच वेळ बघत राहिला. "माझी बाल्कनी," तो म्हणाला. "हे पक्षी माझ्या बाल्कनीखाली असतात?" चार वर्षं तिथे भाड्याने राहतोय बिचारा, पडदे लावून.

गेल्या एकादशीला बांधावर पोचले तेव्हा काका आधीच छत्री घेऊन हजर. पाणी चढत होतं, पक्षी येऊन उतरत होते. मी आडवी झाले, फ्रेम लावली. टाकी डावीकडे, पंप हाऊस उजवीकडे. तेवढ्यात मधोमध छत्री आली.

"मी मधे येतोय का गं?"

"या ना काका. तिथेच उभे राहा."